पाटी आर्थरची, मरण व्हायटिंगचं

बाराव्या शतकात इंग्लंडमध्ये माम्सबरीचा विल्यम नावाचा एक मठवासी इतिहासकार होऊन गेला. ऐकीव गोष्ट पारखून घेणारा माणूस. ११२५ च्या सुमारास त्याने लिहून ठेवलं, की दंतकथांतल्या आर्थर राजाची कबर कुठेच बघायला मिळत नाही, म्हणून तर तो एक दिवस परत येणार असल्या जुन्यापुराण्या गोष्टी लोक अजून सांगत बसतात. पुढे काही वर्षांतच ह्याच विल्यमने ग्लास्टनबरीच्या मठाचा इतिहास लिहिला. मठातले जुने कागद चाळले, दगडांवरची अक्षरं वाचली. त्याने लिहिलेल्या मूळ मजकुरात आर्थरची कबर नाही.

११९१ साली त्याच मठाच्या आवारात ती सापडली. राणीसकट.

हे मी आधी वाचलेलं होतं, त्यामुळे आत्याला ग्लास्टनबरीला नेताना जरा तयारीतच होते. आत्या वाईची. आमच्याकडे ब्रिस्टलला आली होती. लंडनचा राजवाडा, बाथची रोमन स्नानगृहं वगैरे बघून झाल्यावर तिने फर्मान काढलं, "आता मला काहीतरी पडकं दाखव गं. सगळं कसं कालच रंगवल्यासारखं आहे तुमच्याकडे." पडकं हवं तर ग्लास्टनबरीसारखं दुसरं ठिकाण नाही. तिथे आता रेल्वे जात नाही, जवळच्या वेल्स शहरावरून बस जाते (वेल्स देश वेगळा). वेल्स सोडलं की जमीन ताटासारखी सपाट होते. पूर्वी हा सगळा दलदलीचा प्रदेश होता, अजूनही हिवाळ्यात शेतांत पाणी भरतं. त्या सपाटीतून एकच टेकडी वर आलेली, माथ्यावर छप्पर नसलेला एक मनोरा. ही टॉर. पाणी चढलं की तिचं बेट होत असणार हे बसच्या खिडकीतूनही कळतं, आणि आर्थरला जखमी अवस्थेत नेलं ते ॲव्हलॉन बेट हेच, असं म्हणायची सोय आयतीच होते.

गावात उतरल्या उतरल्या उदबत्तीचा वास आला. हाय स्ट्रीटवर स्फटिकांची दुकानं, टॅरोवाल्या बाया, ड्रीमकॅचर, बुद्ध, नटराज. आत्याने पितळेचा गणपती उचलून खालची किंमत वाचली, मनातल्या मनात रुपये केले आणि हळूच परत ठेवला. "विसर्जनाचेसुद्धा पैसे धरलेत वाटतं," म्हणाली. बहुतेक उन्हाळ्यांत ग्लास्टनबरीच्या नावाने गाजणारा तो संगीत महोत्सव मात्र ह्या गावात नसतो, काही मैलांवर पिल्टनच्या एका शेतावर भरतो. गावाच्या वाट्याला नाव येतं आणि वाहनांची रांग.

मठ गावाच्या ऐन मधोमध आहे, पण फाटकातून आत गेलं की गाव एकदम मागे पडतं. छत्तीस एकरांची हिरवळ, जुनी झाडं, आणि मध्ये दोन प्रचंड दगडी खांब. एका उंच कमानीचे हे दोन खांदे. कमानीचा मधला भाग केव्हाच पडलाय, त्यामुळे दोन्ही खांब एकमेकांकडे झुकून अर्ध्यावर थांबल्यासारखे दिसतात. चर्चची लांबी, पुढेमागे जोडलेल्या चॅपल, म्हणजे छोटी प्रार्थनागृहं, धरून, सुमारे ५८० फूट होती. आता भिंतींच्या जागी बहुतेक ठिकाणी गवतात आखलेल्या रेषा आहेत. आत्याने त्या रेषेवरून चालायला सुरुवात केली आणि बराच वेळ चालत राहिली. "एवढं सगळं गेलं कुठे?" परत आल्यावर तिचा पहिला प्रश्न. बरंचसं गावातच आहे. घरांच्या भिंतींत, रस्त्यांच्या भरावात. सोळाव्या शतकात मठ बंद झाल्यावर साडेतीनशेहून जास्त वर्षं हे आवार खाजगी मालकांकडे होतं, आणि त्यांतल्या काहींनी त्याचा दगडाच्या खाणीसारखाच वापर केला.

सर्वांत शाबूत आहे ती पश्चिमेकडची लेडी चॅपल. छप्पर नाही, जमीनही नाही. जमिनीच्या जागी खाली तळघर उघडं पडलेलं दिसतं. पण भिंती उभ्या आहेत आणि त्यांवरचं कोरीवकाम अप्रतिम आहे. उत्तरेच्या दरवाजावर येशूच्या जन्माची कथा पट्ट्यापट्ट्यांतून कोरलेली, घोड्यांवरून येणारे तीन राजे, हेरॉड राजाने मारलेली बाळं. दक्षिणेचा दरवाजा मात्र सुरुवातीच्या एक-दोन चित्रांनंतर तसाच कोरा सोडलेला. मला ह्या चॅपलमधली एक गोष्ट फार आवडते. ११८४ साली आग लागून सगळा मठ जळाला, त्याबरोबर अतिशय जुनं, पवित्र मानलेलं लाकडी चर्चही गेलं. त्याच जागेवर दोन-तीन वर्षांत ही चॅपल बांधली. तोवर टोकदार कमानींची गॉथिक शैली इंग्लंडात आली होती, पण इथे मुद्दाम जुन्या वळणाच्या अर्धगोल कमानी काढल्या, आणि नवी इमारत जुनी दिसेल अशी तजवीज केली. जुनेपणा हेच ह्या मठाचं भांडवल होतं. ते आगीत गेलं, तेव्हा त्यांनी ते पुन्हा घडवलं, आणि ते करायला त्यांच्याकडे उत्तम पाथरवट होते.

ह्यापुढची गोष्ट त्याच कारागिरीचा पुढचा टप्पा आहे, असं माझं मत. बांधकामाला पैसा पुरवत होता राजा दुसरा हेन्री. तो ११८९ ला वारला. त्याचा मुलगा रिचर्ड क्रुसेडला, म्हणजे धर्मयुद्धाला, निघालेला, त्याला प्रत्येक पेनी तिकडे हवी होती. एवढं मोठं चर्च अर्धवट, तिजोरी रिकामी. आणि मग मठाला आठवलं, की मरण्यापूर्वी हेन्रीने सांगितलं होतं, एका वेल्श गवयाकडून त्याला कळलं होतं, की आर्थर इथेच पुरलाय, दोन जुन्या दगडी स्तंभांच्या मध्ये, खूप खोल. मठाधिपतींनी जागेभोवती पडदे लावले आणि खणायला सांगितलं.

वेल्स देशातला जेराल्ड नावाचा लेखक थोड्याच काळात तिथे जाऊन आला, त्याने सगळं लिहून ठेवलंय. सोळा फूट खोल, पोखरलेल्या ओकच्या ओंडक्यात हाडं. पुरुषाच्या नडगीचं हाड तिथल्या सर्वांत उंच माणसाच्या पायाशेजारी धरलं, तर त्याच्या गुडघ्याच्याही तीन बोटं वर गेलं. कवटीवर दहा किंवा अधिक जखमा, एक सोडून सगळ्या भरलेल्या. शेजारी बाईची हाडं, आणि सोनेरी केसांची एक वेणी, अगदी ताज्यासारखी. एका मठवाश्याने हावरेपणाने ती झडप घालून धरली आणि तिची माती झाली. शिवाय शिशाचा एक क्रूस, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलेलं की येथे ॲव्हलॉन बेटावर कीर्तिमान राजा आर्थर, त्याची दुसरी पत्नी ग्विनेव्हिअर हिच्यासह, पुरलेला आहे.

मी हे सगळं तिथल्या बाकावर बसून आत्याला सांगत होते. ती मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "दुसरी? मग पहिली कोण?"

ह्या प्रश्नाने पुष्कळ विद्वान शिणले आहेत. कारण १६०७ मध्ये विल्यम कॅम्डेनने ह्याच क्रूसाचं चित्र छापलं, त्यात बाईचं नाव मुळी नाहीच. पहिली नाही, दुसरीही नाही. अठराव्या शतकानंतर क्रूस स्वतःच बेपत्ता. आता भांडायचं कशावरून, तर दोन कागदांवरून.

"म्हणजे बनवाबनवी," आत्या म्हणाली. पण तिच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडं कौतुकच होतं. ती कृष्णेकाठची. घाटाघाटावर पोथी असते आणि पोथीत तिथे कोण कोण देव आंघोळीला आले ते असतं, हे तिला नवीन नाही. ग्लास्टनबरीच्या मठवाश्यांनी जे केलं त्याला आपल्याकडे स्थलमाहात्म्य लिहिणं म्हणतात. विल्यमच्या पुस्तकाचंही त्यांनी तेच केलं: पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्यात नवी पानं घातली. त्यात आर्थर आला आणि येशूला थडगं देणारा अरिमथियाचा जोसेफही आला. तो म्हणे इसवी सनाच्या पहिल्याच शतकात इथे येऊन चर्च बांधून गेला. बिचारा विल्यम, ज्याने कबर नाही असं लिहिलं, त्याच्याच नावावर ही सगळी भर खपली.

राजांनाही हे सोयीचं होतं. १२७८ च्या ईस्टरला पहिला एडवर्ड राणीला घेऊन आला, कबर उघडून हाडं बघितली, रेशमात गुंडाळून पुन्हा ठेवली. आदल्याच वर्षी त्याने वेल्स देशाच्या लोकांना नमवलं होतं, आणि ते लोक आर्थर परत येईल म्हणून वाट बघत होते. राजा मेलाय आणि ही त्याची हाडं, हे दाखवण्यात एडवर्डचा फायदाच होता. काळ्या संगमरवराची ती समाधी मठाबरोबरच गेली. आता गवतात एक चौकट आणि एक पाटी आहे. तिथे फोटोसाठी रांग होती. पाटीवर सापडले "असे म्हटले जाते" अशा अर्थाचं सावध वाक्य आहे, पण ते वाचत कोण बसतं. आम्हीही फोटो काढला.

१९५० आणि ६० च्या दशकांत रॅलेह रॅडफर्ड ह्या पुरातत्त्वज्ञाने इथे खणलं आणि मठवाश्यांनी ११९१ मध्ये उकरलेला खड्डाच आपल्याला मिळाला, असं जाहीर केलं. पुढे रेडिंग विद्यापीठाने त्याच्या जुन्या नोंदी आणि वस्तू नव्याने तपासल्या. २०१५ च्या त्यांच्या अहवालानुसार त्या खड्ड्यात अकराव्या ते पंधराव्या शतकातला माल आहे, आर्थरशी जोडता येईल असं काही नाही. पण त्याच तपासात दोन गोष्टी हाती लागल्या, आणि मला विचाराल तर त्या दहा आर्थरांना पुरून उरतील. एक, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातली भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या रांजणांची खापरं. म्हणजे आर्थरचा म्हणून जो काळ सांगतात, त्या काळात ह्या दलदलीतल्या जागी खरंच कुणीतरी राहत होतं आणि दूरदेशीची दारू पीत होतं. दोन, काच करण्याच्या भट्ट्या, सातव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराच्या. सॅक्सन काळातल्या इंग्लंडमधला काचकामाचा हा सर्वांत जुना भक्कम पुरावा. चर्चच्या खिडक्यांसाठी भट्टी पेटवून फुंकणारी ती माणसं कोण होती कोण जाणे. त्यांच्या नावाचा चौकोन गवतात नाही.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. पांडवांचा तिथे काडीचा संबंध नाही. बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेल्या लेण्या त्या, आणि खोदवणाऱ्यांची नावं भिंतीवर ब्राह्मीत कोरलेली आहेत. सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्री आहे. नहपान राजाचा जावई उषवदात आहे. भिक्खूंच्या चिवरांसाठी विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दोन हजार कार्षापण नाणी दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवल्याची त्याची नोंद आहे. इतका चोख हिशेब भिंतीवर असताना लोकांना आठवतो तो भीम. दंतकथेबद्दल माझी तक्रार आहे ती एवढीच. ती खोटी असते ह्याचं काही नाही. ती ऐसपैस पसरते आणि शेजारी बसलेल्या खऱ्या माणसाला बाकावरून खाली ढकलते.

ग्लास्टनबरीत असं कुणी ढकललं गेलं असेल, तर तो रिचर्ड व्हायटिंग.

त्याच्याकडे जायची वाट स्वयंपाकघरातून जाते. मठाधिपतींचं स्वयंपाकघर ही ह्या आवारातली छपरासकट उभी असलेली इमारत. चौदाव्या शतकातली. बाहेरून चौकोनी, वर अष्टकोनी दगडी छत निमुळतं होत गेलेलं, टोकाशी धूर जायला झरोका. आत चार कोपऱ्यांत चार चुली, प्रत्येकीत अख्खा बैल मावेल एवढ्या. नंतरच्या काळात क्वेकर पंथाच्या लोकांनी इथे प्रार्थनासभा भरवल्या, म्हणून ही वाचली असावी. आत्या चुलीच्या आत जाऊन उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "मठ कसला गं, संस्थान होतं हे." बरोबरच बोलली. अकराव्या शतकातल्या सरकारी मोजणीत हा देशातला सर्वांत श्रीमंत मठ होता आणि शेवटपर्यंत वेस्टमिन्स्टरच्या खालोखाल त्याचं उत्पन्न होतं. एवढी जमीन, एवढी कुळं. ह्या चुलींवर जे शिजत होतं ते कुणाच्या तरी शेतातून येत होतं, तेव्हा मठवासी म्हणजे गरीब बिचारे साधू असं चित्र रंगवण्यात अर्थ नाही.

व्हायटिंग १५२५ साली मठाधिपती झाला. आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेतली तेव्हा त्याने मुकाट्याने शपथेवर सही केली. हुतात्मा व्हायची हौस असलेला माणूस नव्हता. १५३५ मध्ये राजाचा तपासनीस रिचर्ड लेटन आला आणि चक्क त्याची स्तुती करून गेला. पुढच्या वर्षी राजाने लहान मठ बंद केले, मग मोठ्यांवर पाळी आली. बाकीचे मठाधिपती पेन्शन घेऊन चावी देत होते. व्हायटिंगने चावी दिली नाही.

१५३९ च्या सप्टेंबरमध्ये तोच लेटन, पोलार्ड आणि मॉयल ह्या दोघांना घेऊन पुन्हा आला. त्याआधी त्याने राजाचा मुख्य मंत्री थॉमस क्रॉमवेल ह्याला पत्र लिहून आपल्या जुन्या स्तुतीबद्दल माफीही मागितली होती. मठाधिपतींच्या खोलीत राजाच्या घटस्फोटाविरुद्धचं एक पुस्तक मिळालं, राजाशी भांडून मारल्या गेलेल्या आर्चबिशप बेकेटचं एक चरित्र मिळालं. भिंतींत आणि तळघरांत लपवलेली चांदीची भांडी मिळाली. ऐंशीच्या आसपासच्या, आजारी म्हाताऱ्याला लंडनच्या टॉवरमध्ये नेलं. क्रॉमवेलच्या कामांच्या यादीत ह्या सुमाराची एक नोंद आहे: ग्लास्टनबरीच्या मठाधिपतींवर ग्लास्टनबरीलाच खटला चालवणे आणि तिथेच त्यांना देहान्त देणे. खटला अजून उभा राहायचाय आणि निकाल टिपून ठेवलेला.

१४ नोव्हेंबरला वेल्स शहरात खटला झाला. आरोप काय, तर ग्लास्टनबरीच्या चर्चची चोरी. स्वतःच्या मठाची भांडी लपवली म्हणून तो चोर. ती गाड्या भरून लंडनला नेणारे कोण, ह्याला कायद्यात शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला जॉन थॉर्न आणि रॉजर जेम्स ह्या दोन मठवाश्यांबरोबर टॉरवर नेलं आणि फाशी दिली. मग देहाचे चार तुकडे करून वेल्स, बाथ, इल्चेस्टर आणि ब्रिजवॉटरला टांगले. डोकं त्याच्याच मठाच्या दरवाजावर लावलं. अधिकाऱ्यांनी क्रॉमवेलला कळवलं, की त्याने देवाची आणि राजाची क्षमा मागितली आणि शांतपणे मरण पत्करलं.

त्यानंतर छपरांचं शिसं उतरलं, घंटा उतरल्या. "घंटा नेतातच," आत्या म्हणाली. "मेणवलीला नाही का आपल्या, वसईच्या लढाईनंतर आणलेली पोर्तुगिजांची?" नाना फडणविसांच्या घाटावरची ती घंटा लहानपणापासून तिच्या ओळखीची. चर्चची घंटा देवळात वाजते ह्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. इथे मात्र क्षणभर थांबली आणि म्हणाली, "त्यांनाही तसंच वाटलं असेल ना गं, वसईवाल्यांना." मी काही बोलले नाही. तिचं तिला चाललं होतं.

दुपारी आम्ही टॉर चढलो. टेकडी १५८ मीटर, पण वारा असा की आत्याने पदर दोनदा कमरेला खोचला. माथ्यावरचा मनोरा सेंट मायकेलच्या चर्चचा. पहिलं चर्च १२७५ च्या भूकंपात पडलं, हा नंतरचा. एक तरुण ढोल वाजवत बसला होता. दोन बायका डोळे मिटून दगडाला तळवे लावून उभ्या. ह्या टेकडीत परीराजाचा महाल आहे म्हणतात, इथून अदृश्य शक्तिरेषा जातात म्हणतात. गावात तर ह्या बाबतीत शिकलेलेही मागे नाहीत. १९०८ पासून मठाचं उत्खनन करणारे फ्रेडरिक ब्लाय बाँड हे उत्तम वास्तुविशारद. एका मित्राच्या हातून पेन्सिलीने मृत मठवासी आपल्याला नकाशे लिहून देतात, असं त्यांनी १९१८ साली पुस्तकात सांगून टाकलं. पुढच्या काही वर्षांत चर्चने त्यांना कामावरून काढलं. त्यांनी शोधलेली एडगर चॅपल मात्र खरी निघाली.

उतरताना वाटेत काटेरी झाडाची गोष्ट निघाली. जोसेफने वेअरीऑल टेकडीवर काठी रोवली, तिला पालवी फुटली, तेच हे पवित्र हॉथॉर्न, वर्षातून दोनदा फुलणारं, एकदा वसंतात आणि एकदा ख्रिसमसला. काठीचा भाग गोष्टीत बराच उशिरा आलाय. झाड मात्र खरंच दोनदा फुलतं आणि बियांतून तसं उगवत नाही, कलमच करावं लागतं. १७५२ मध्ये इंग्लंडने नवं कॅलेंडर घेतलं आणि अकरा दिवस गाळले, तेव्हा लोक ख्रिसमसच्या रात्री झाडाभोवती जमले, की हे कुठली तारीख पाळतं ते बघू. झाड नव्या ख्रिसमसला फुललं नाही. जुन्या तारखेला, ५ जानेवारीला फुललं म्हणे. आत्याला हे फार पटलं. "पंचांग झाडालाच विचारावं," म्हणाली.

बसला वेळ होता. स्टॉपवर बसून तिने वाईच्या शेजारीणकाकूंना व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं आता आर्थर आणि त्याची दुसरी बायको. पण तिने सुरुवात केली ती व्हायटिंगपासून. चावी न देणारा म्हातारा, लपवलेली भांडी, टेकडीवरची फाशी, दरवाजावरचं डोकं. नावाचा उच्चार "व्हाइटन" झाला होता, पण बाकी सगळं क्रमाने, ठसक्यात. मी खूश. मग तिचा आवाज जरा खाली आला.

"आणि मरताना काय म्हणाला माहितीये? राजाला म्हणाला, तुझा वंश बुडेल. आणि बुडाला बघा. एवढी लग्नं केली, पण नातवंड नाही एक."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आत्या, शापाचं कुठे वाचलंस? त्याने तर क्षमा मागितली होती."

"ते सरकारी पत्रात," आत्या पर्स बंद करत म्हणाली. "शाप दिलाच असणार की."